कॅम्पिंग क्विल्टचा आकार निवडताना कुशीवर झोपणाऱ्या स्त्रियांनी या चुका टाळाव्यात

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात डिचोली आणि फोंड्याच्या आम्ही सहा जणी हिमाचल प्रदेशातल्या पार्वती खोऱ्यात पदभ्रमणाला गेलो होतो. तिसऱ्या मुक्कामी तंबूबाहेर बर्फ होते, अंगात लोकरीचे कपडे होते आणि नवीन घेतलेली क्विल्ट माझ्या उंचीला अगदी नेमकी होती. तरीही माझी पाठ रात्रभर गारठलेली राहिली. उजव्या कुशीवर वळले की पाठीमागे चार बोटांची फट पडे, ती बुजवायला काठ मागे ओढला की गुडघे उघडे पडत, आणि गुडघे झाकले की पुन्हा पाठ उघडी. पहाटेपर्यंत हेच चालले होते. विकत घेताना मला एकच प्रश्न विचारला गेला होता, उंची किती? मी पाच फूट तीन इंच असे सांगितले आणि तेवढ्यावर व्यवहार झाला. मी झोपते कशी, हे विचारणाऱ्यालाही सुचले नाही आणि सांगणारीलाही नाही.

क्विल्ट म्हणजे तळ आणि टोपी नसलेली स्लीपिंग बॅग. पिसांची किंवा सिंथेटिक धाग्यांची ऊब ही खरे तर त्यांच्यात अडकून राहिलेल्या हवेची ऊब असते आणि अंगाखाली दबलेल्या भागातून ती हवा निघून जाते. म्हणून हा निरुपयोगी तळ काढून टाकून वजन वाचवावे, असा क्विल्टमागचा विचार आहे. पायाकडचा भाग बहुधा पिशवीसारखा शिवलेला किंवा दोरीने आवळता येणारा असतो, त्याला फूटबॉक्स म्हणतात. बाकीची क्विल्ट पांघरुणासारखी मोकळी असते. कूस पालटणाऱ्या माणसाला बंद बॅगेत जखडल्यासारखे वाटते, त्यामुळे अशांना क्विल्ट सुचवली जाते आणि तो सल्ला योग्यच आहे. मात्र आपल्याकडे पांघरूण म्हटले की जुन्या लुगड्यांची वाकळ डोळ्यांसमोर येते. वाकळ जड असते. स्वतःच्या वजनानेच ती अंगाच्या वळणांवर बसते आणि फटी आपोआप बुजतात. अर्ध्या-पाऊण किलोची फुगीर क्विल्ट तशी बसत नाही. ती खांद्यावरून थेट नितंबावर जाते, मधली कमरेची खोलगट जागा पोकळच राहते, आणि काठ जमिनीला टेकतील इतकी रुंदी नसेल तर त्या पोकळीतून गार हवा सहज फिरते.

उंचीवरून आकार ठरवू नये

सर्वांत मोठी आणि सर्वांत जास्त वेळा होणारी चूक हीच आहे. अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे आपण लहानपणापासून ऐकतो. क्विल्टच्या बाबतीत मात्र आधी पाय कसे पसरतात ते पाहावे आणि मग पांघरूण निवडावे. कुशीवर पाय दुमडून झोपलेल्या स्त्रीची लांबी कमी होते, पण रुंदी बरीच वाढते. उताणे झोपलेले अंग सपाट असते. कुशीवर वळताच खांदा आणि नितंब उंच होतात, गुडघे पुढे येतात आणि पांघरुणाला एका बाजूने डोंगर चढून दुसऱ्या बाजूने उतरावे लागते. नितंब रुंद असतील तर ही चढण आणखी वाढते. दोन गुडघ्यांच्या मध्ये कपड्यांची पिशवी किंवा छोटी उशी घेण्याची सवय असेल (पाठदुखीमुळे अनेकींना असते) तर वरचा गुडघा आणखी वर जातो, आणि ही सवय मोजमापात धरायची बहुधा राहून जाते.

म्हणून मोजमाप झोपूनच घ्यावे, आणि त्यासाठी दुसऱ्या कोणाची तरी मदत घ्यावी. आपली मॅट जमिनीवर पसरून तिच्यावर नेहमीच्या कुशीवर, नेहमीसारखे पाय दुमडून आडवे व्हावे. मदतनीसाने शिंप्याची टेप पाठीमागे मॅटला टेकवावी, ती नितंबाच्या सर्वांत उंच भागावरून, मांडीवरून पुढे न्यावी आणि गुडघ्यापुढे पुन्हा मॅटपर्यंत उतरवावी. तसेच दुसरे माप खांद्यापाशी, हात छातीशी घेतलेले असताना घ्यावे. परत आल्यावर माझे माप माझ्या बहिणीने ओसरीवर घेतले तेव्हा नितंबापाशी १०४ सेंटिमीटर भरले. त्यात दोन्ही बाजूंना काठ अंगाखाली किंवा मॅटच्या कडेला खोचण्यासाठी १५-१५ सेंटिमीटर धरावेत. थंड प्रदेशासाठी जाड क्विल्ट घ्यायची असेल तर आणखी ८ ते १० सेंटिमीटर धरावेत, कारण क्विल्ट जितकी फुगीर, तितकी तिची आतली जागा बाहेरच्या मापापेक्षा कमी होते. माझी बेरीज १४२ सेंटिमीटरवर गेली. बाजारात ५०, ५४ आणि ५८ इंच, म्हणजे साधारण १२७, १३७ आणि १४७ सेंटिमीटर रुंदी नेहमी आढळते. मी १२७ सेंटिमीटरच्या क्विल्टमध्ये झोपले होते, त्यामुळे त्या रात्रीचे कारण शोधायला फार दूर जावे लागले नाही.

टेपवर विश्वास बसत नसेल तर घरातली मोठी चादर घ्यावी, ती १२७ सेंटिमीटर रुंदीला दुमडून सेफ्टी पिनांनी पक्की करावी, आणि टेबल फॅन पाठीकडून जोरात लावून तिच्याखाली एक रात्र झोपावे. दुसऱ्या रात्री तीच चादर १३७ ची करावी, तिसऱ्या रात्री १४७ ची. फट कुठे पडते, हे पंख्याचा वारा नेमके दाखवतो. पाठीवर, मानेमागे की गुडघ्यांपाशी, हे झोपेतही कळते. चादरीला फुगवटा नसतो, म्हणून चादरीत जेमतेम पुरलेली रुंदी जाड क्विल्टमध्ये पुरणार नाही, एवढे मात्र लक्षात ठेवावे.

छापलेल्या एका रुंदीवर विसंबू नये

बहुतेक क्विल्टची छापलेली रुंदी वरच्या, म्हणजे खांद्याकडच्या टोकाची असते. तिथून खाली क्विल्ट निमुळती होत जाते, कारण उताण्या माणसाला पायाकडे तेवढी रुंदी लागत नाही आणि तेवढेच वजनही वाचते. कुशीवर झोपणारीला मात्र सर्वांत जास्त रुंदी लागते ती नितंबापासून गुडघ्यापर्यंत. १४७ सेंटिमीटर छापलेली, पण कमरेपासूनच निमुळती होणारी क्विल्ट गुडघ्यांपाशी १३७ वाल्या सरळ क्विल्टपेक्षाही अरुंद असू शकते. म्हणून विक्रेत्याकडे तीन मापे मागावीत: खांद्याची, नितंबाची आणि फूटबॉक्सच्या तोंडाची. ती मिळत नसतील तर निदान निमुळतेपण कुठून सुरू होते, एवढे तरी विचारावे. फूटबॉक्सची शिलाई किंवा चेन गुडघ्याच्या वरपर्यंत आलेली असेल तर दुमडलेले गुडघे तिथे अडतात; पोटरीच्या मध्यापर्यंत बंद आणि पुढे मोकळी अशी रचना मला सर्वांत सोयीची वाटते.

‘स्त्रियांसाठी’ या शब्दावर डोळे मिटून भरवसा ठेवणे हीसुद्धा याच जातीची चूक आहे. स्त्रियांसाठी म्हणून विकलेल्या काही वस्तूंमध्ये पायाकडे जादा पिसे भरलेली असतात, आणि ती उपयोगी आहेत. पण पुष्कळदा मूळ आकार फक्त आखूड आणि अरुंद केलेला असतो. आखूड चालेल, अरुंद चालत नाही. लांबीची फार काळजी करण्याचे कारण नाही. क्विल्टची लांबी किती उंचीपर्यंतच्या व्यक्तीसाठी आहे, हे पाहून आपण त्या मर्यादेच्या अगदी काठावर असू तरच पुढची लांबी घ्यावी.

मॅट आधी ठरवावी, क्विल्ट नंतर

क्विल्टला तळ नसल्यामुळे पाठीखालची सगळी ऊब मॅटकडून येते आणि कुशीवर झोपणारीचा बराचसा भार नितंब आणि खांदा या दोनच ठिकाणी पडतो. पातळ मॅट तिथे दबून जमिनीला टेकते आणि मग दोष क्विल्टला दिला जातो. हवेने फुगणारी, ७-८ सेंटिमीटर जाडीची मॅट यासाठी बरी. मॅट थंडी किती अडवते हे सांगणाऱ्या आकड्याला आर-व्हॅल्यू म्हणतात, आणि आकडा जितका मोठा तितकी मॅट उबदार. गोव्यातल्या डोंगरावर हिवाळ्यात २ च्या आसपासची पुरते. बर्फाच्या जवळ मुक्काम असेल तर ४ किंवा त्याहून अधिक असावी.

मॅटची नेहमीची रुंदी सुमारे ५१ सेंटिमीटर असते आणि दुमडलेले गुडघे तिच्याबाहेर लोंबतात, म्हणून ६३-६४ सेंटिमीटरची मॅट घेण्याचा मोह रास्त आहे. पण क्विल्ट मॅटभोवतीच्या पट्ट्यांना अडकवायची असेल तर तिला तेवढी जास्त रुंद मॅट आणि तिची जाडीही झाकावी लागते. आधी क्विल्ट आणि मग रुंद मॅट घेणाऱ्या एका मैत्रिणीची पुरेशी असलेली क्विल्ट अशा रीतीने अपुरी ठरली. पट्ट्या ताणून बांधू नयेत, हेही सांगायला हवे. क्विल्ट जागेवर राहावी आणि अंग तिच्या आत वळावे, इतक्या त्या सैल हव्यात.

तापमानाचा आकडा कोणाचा आहे?

स्लीपिंग बॅगांच्या चाचणीसाठी आयएसओ २३५३७ हे मानक आहे. त्यात ‘कम्फर्ट’ हा आकडा सैलसर झोपलेल्या प्रमाण स्त्रीसाठी असतो आणि ‘लिमिट’ हा अंग आखडून झोपलेल्या प्रमाण पुरुषासाठी. दोहोंत बहुधा ५-६ अंशांचे अंतर पडते. स्त्रियांनी पहिलाच आकडा धरावा. क्विल्ट पुष्कळदा या चाचणीतून गेलेली नसते आणि तिच्यावरचा आकडा उत्पादकाचा स्वतःचा अंदाज असतो, म्हणून तो लिमिटच समजावा आणि अपेक्षित थंडीपेक्षा ५-६ अंश अधिक थंडी सोसणारी क्विल्ट घ्यावी. रुंदी कमी असेल तर मात्र कितीही पिसे भरलेली असली तरी उपयोग नाही, कारण फटीतून ऊब निघून जाण्याचा हिशेब कोणत्याही आकड्यात नसतो.

अरुंद क्विल्ट आधीच घेतलेली असेल तर

ती टाकून देण्याची गरज नाही. पाठ गार पडत असेल तर क्विल्टचा मध्य अंगाच्या मध्यावर न ठेवता पाठीकडे सरकवावा, गुडघे थोडे कमी दुमडावेत आणि पाठीमागे सुती ओढणीची लांब गुंडाळी करून ठेवावी. पार्वती खोऱ्यातल्या चौथ्या रात्री मी हेच केले आणि पहाटेपर्यंत सलग झोपले. वळताना मानेपाशी वारा शिरत असेल तर गळ्याची दोरी आवळावी, पण तोंड आत घेऊन झोपू नये, कारण श्वासातला ओलावा पिसांत जातो आणि ती चिकटून बसतात. डोक्याला वेगळी कानटोपी असावी. पावले गार पडत असतील तर फूटबॉक्स तपासावा: कुशीवर झोपल्यावर पावले आडवी होतात, आणि बोटे किंवा टाचा कापडाला आतून ताणत असतील तर तिथली पिसे दबतात. गुडघ्यांपाशीही हाच प्रकार होतो. सकाळी क्विल्ट उजेडाकडे धरून पाहावी. गुडघ्यांच्या जागी कापड चपटे आणि बाकी फुगीर दिसले तर रुंदी कमी आहे हे नक्की समजावे. जाड जॅकेट घालून आत झोपल्याने हे आणखी वाढते. त्यापेक्षा जॅकेट क्विल्टवरून नितंबावर पांघरावे.

गोव्यात वापरायची क्विल्ट

चोर्ल्याचा माथा किंवा सत्तरीतले डोंगर इथे जानेवारीच्या रात्री गारवा असतो, पण तो हिमालयाचा नव्हे. इथल्या मुक्कामांसाठी (अभयारण्यात वन खात्याच्या परवानगीनेच) पातळ सिंथेटिक क्विल्ट पुरेशी आहे आणि तीही रुंदच असावी, कारण उकडले की एक पाय बाहेर काढता येतो आणि पहाटेच्या वाऱ्यात तीच दोन्ही बाजूंनी खोचता येते. पहाटेचे दव तंबूच्या आतल्या बाजूला जमते आणि अरुंद क्विल्ट ओढाताणीत तंबूच्या कापडाला लागून भिजते. सिंथेटिक क्विल्ट भिजली तरी काही ऊब देते, पिसांची देत नाही.

पिसांची क्विल्ट वर्षातून एकदा हिमालयात नेण्यासाठी घरी ठेवायची असेल तर तिला आपल्या पावसाळ्यापासून जपावे लागते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात कपाटातल्या चपलांना बुरशी येते, मग पिसांची काय कथा. आवळून भरायच्या छोट्या पिशवीत ती कधीही ठेवू नये, नाही तर फुगवटा कायमचा कमी होतो आणि मापून घेतलेल्या क्विल्टची ऊब हरपते. माझी क्विल्ट म्हापशाच्या बाजारातल्या सुती कापडाच्या मोठ्या पिशवीत, कपाटाच्या वरच्या कप्प्यात सैल ठेवलेली असते. चवथीनंतर पहिले कोरडे ऊन पडले की ती सावलीच्या दोरीवर दोन दिवस टाकते आणि हाताने हलकेच थोपटून पिसांच्या गुठळ्या मोकळ्या करते.

गोव्यातल्या दुकानांत स्लीपिंग बॅग मिळते, क्विल्ट क्वचितच, त्यामुळे बहुतेकींना ती ऑनलाइनच मागवावी लागते. परतीची मुदत आधी वाचावी, आणि पार्सल आले की त्याच संध्याकाळी फरशीवर स्वच्छ चादर, तिच्यावर मॅट आणि तिच्यावर आपण, अशी लेबल न कापता तपासणी करावी: डाव्या कुशीवर, उजव्या कुशीवर, आणि गुडघ्यांमध्ये उशी घेऊन. प्रत्येक वेळी मदतनीसाने पाठीमागे हात फिरवून काठ मॅटला टेकलेला आहे का, ते पाहावे.