गोल्ड सर्टिफिकेट घेताय? तोळ्याचा हिशोब बाजूला ठेवा आणि या चुका टाळा

अमेरिकेचं १९२८ चं वीस डॉलरचं गोल्ड सर्टिफिकेट (सोन्याच्या नाण्यांत रक्कम देण्याचं वचन असलेली सरकारी नोट) हाती लागलं की पहिल्यांदा कॅल्क्युलेटर उघडला जातो. त्या काळी सोन्याचा सरकारी दर औंसाला २०.६७ डॉलर होता. म्हणजे वीस डॉलरमागे साधारण ३० ग्रॅम सोनं, आपल्या बाजारात बोलतात तसे तीन तोळे. आजच्या भावाने गुणलं की डोळे पांढरे होतात. पण हा हिशोब मुळातच चुकीचा आहे.

१८६३ च्या कायद्यातून आलेली ही प्रमाणपत्रं १८६५ पासून निघू लागली. आधी ती मुख्यतः बँकांच्या आपसातल्या व्यवहारात फिरली. सर्वसामान्यांच्या हातात ती १८८२ च्या मालिकेपासून आली. एप्रिल १९३३ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी सोनं आणि ही प्रमाणपत्रं १ मेपर्यंत जमा करा असा आदेश काढला. जानेवारी १९३४ च्या कायद्यानंतर दर ३५ डॉलर झाला आणि कागदाच्या बदल्यात सोनं मिळणं संपलं. पुढची तीस वर्षं ती बाळगणंही बेकायदा होतं. परवानगी मिळाली एप्रिल १९६४ मध्ये. आज वीसची नोट कायद्याने वीसच डॉलरची. आपल्याकडच्या सार्वभौम सुवर्ण रोख्यांसारखी ती सोन्याच्या भावाला बांधलेली नाही. वीसच्या वर जे पैसे मिळतात ते दुर्मिळता आणि कागदाची स्थिती यांचे. १९२८ च्या दहाच्या नोटा तर तेरा कोटींवर छापल्या होत्या, त्यामुळे वापरलेल्या नोटेला लाखांची आशा धरू नका.

पिवळा शिक्का दिसला की गोल्ड समजणे

सर्वाधिक फसगत इथे होते. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेतल्या सैन्यासाठी अमेरिकेने १, ५ आणि १० डॉलरची सिल्व्हर सर्टिफिकेटं (चांदीच्या आधारावरच्या नोटा) पिवळ्या शिक्क्याने छापली. त्यांचे अनुक्रमांक निळे असतात. १९२८ च्या गोल्ड सर्टिफिकेटवर शिक्का आणि अनुक्रमांक दोन्ही सोनेरी-पिवळे, आणि शिक्का डाव्या बाजूला. फेडरल रिझर्व्हच्या, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या, साध्या नोटेचा हिरवा शिक्का रसायनाने पिवळा केलेले नमुनेही फिरतात. त्यासाठी रंग सोडा, मजकूर वाचा: वर ‘गोल्ड सर्टिफिकेट’ असं शीर्षक आणि खाली ‘गोल्ड कॉइन’मध्ये रक्कम देण्याचं वचन हवंच. शीर्षक काही रसायनाने बदलत नाही.

याच्या उलटही घडतं. मागची बाजू हिरवी म्हणून अस्सल नोट खोटी ठरवली जाते. सोनेरी-नारिंगी पाठ जुन्या मोठ्या आकाराच्या नोटांची (साधारण १८९ × ७९ मिमी). १९२८ पासूनच्या लहान आकारात (१५६ × ६६ मिमी) चलनात आलेल्या नोटांची पाठ हिरवीच आहे. ऑनलाइन मिळणारी ‘२४ कॅरेट’ चकचकीत नोट मात्र निव्वळ शोभेची वस्तू.

दहापट भिंगाखाली १९२८ च्या नोटेच्या कागदात विखुरलेले तांबडे-निळे बारीक धागे पाहा. नकलेत ते छापलेले असतात. मग दिवा तिरका धरा: अस्सल छपाईत चेहऱ्याच्या रेषा किंचित उठावदार दिसतात, स्कॅन करून छापलेल्या नोटेत रेषांऐवजी ठिपके.

मोठ्या आकड्याला भुलणे

१९०० च्या मालिकेतलं १०,००० डॉलरचं प्रमाणपत्र त्या मानाने स्वस्तात दिसतं, कारण ते रद्द झालेलं आहे. डिसेंबर १९३५ मध्ये वॉशिंग्टनच्या एका टपाल इमारतीला आग लागली, तेव्हा अशा रद्द नोटांची खोकी खिडकीतून रस्त्यावर फेकली गेली आणि लोकांनी ती उचलून नेली. पाठ कोरी, चलनी मूल्य शून्य. १९३४ चं एक लाख डॉलरचं, राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्या चित्राचं प्रमाणपत्र फक्त फेडरल रिझर्व्ह बँकांच्या आपसातल्या हिशोबासाठी होतं. ते खासगी मालकीत असूच शकत नाही. कोणी ‘अस्सल’ म्हणून दाखवलं तर बोलणं तिथेच थांबवा.

नोट ‘नीट’ करणे

धुणं, इस्त्री फिरवणं, घडी दाबणं, कडा कापून सरळ करणं. चारही एकाच तोडीच्या चुका. धुतल्यावर कागदाचा मूळ खळ जातो, इस्त्रीने छपाईचा उठाव सपाट होतो आणि प्रतवारी करणाऱ्याला ते लगेच कळतं. मूळ कागद शाबूत असेल तर पीएमजी ही नोटांची प्रतवारी करणारी कंपनी दाखल्यावर ‘ईपीक्यू’ (कागदाचा दर्जा उत्तम) असं लिहिते. त्या तीन अक्षरांना वेगळे पैसे मिळतात. पेन्सिलीची खूणही खोडू नका. खुणेपेक्षा खोडरबराने उठलेला पापुद्रा जास्त महाग पडतो. आणि खूण नेहमी निरर्थकच असते असंही नाही: विमानचालक लिंडबर्ग यांच्या बाळाच्या अपहरणातला आरोपी हाउप्टमान १९३४ मध्ये सापडला तो पेट्रोलपंपावरच्या कामगाराने दहाच्या गोल्ड सर्टिफिकेटच्या कडेला गाडीचा नंबर लिहून ठेवला म्हणून.

प्रतवारी केलेली नोट प्लास्टिकच्या सीलबंद पाकिटात असली तरी पाकिटावर विसंबू नका. दाखल्याचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाका आणि तिथल्या छायाचित्रातला अनुक्रमांक, घड्यांच्या जागा हातातल्या नोटेशी जुळवा. पाकीट खोटं असू शकतं, किंवा खरंच पाकीट फोडून आतली नोट बदललेली.

फाइलच्या पाकिटात ठेवणे

स्टेशनरीच्या दुकानातली मऊ, वास येणारी पाकिटं बहुधा पीव्हीसीची असतात. कालांतराने ती चिकट होतात आणि शाई ओढून घेतात. मायलरचं (पारदर्शक पॉलिएस्टर फिल्मचं) पाकीट वापरा, नोट सपाट ठेवा, लॅमिनेशन चुकूनही नको. मुंबई-कोकणात पावसाळ्यात लोखंडी कपाट आतून घामतं. हवाबंद डब्यात सिलिका जेलची पुडी टाका, पण ती नोटेला टेकू देऊ नका, आणि दाण्यांचा रंग बदलला की पुडी बदला.