गाळात अडकलेल्या पाण्यातून हिमयुगाचा समुद्र मोजताना

साधारण २०,००० वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. तेवढं पाणी जमिनीवर बर्फ होऊन बसलं आणि उरलेल्या समुद्राची क्षारता (किलोभर पाण्यात किती ग्रॅम क्षार) जवळपास ३ टक्क्यांनी वाढली. ते खारं पाणी तळाच्या गाळात झिरपलं. आज क्लोराइडचा (मिठातल्या मुख्य घटकाचा) तो उंचवटा तळाखाली काही दहा मीटरांवर सापडतो, पण विसरणामुळे, म्हणजे क्षार हळूहळू आजूबाजूला पसरल्यामुळे, पुष्कळ पसरट झालेला.

जागा निवडतानाच निम्मं काम होतं. खोल पाणी, बारीक आणि एकसारखा साचलेला गाळ हवा. कृष्णा-गोदावरी खोऱ्यासारखा मिथेन हायड्रेटचा (मिथेन वायू अडकलेल्या बर्फाचा) भाग टाळा: गाभा, म्हणजे ड्रिलने काढलेला गाळाचा दंड, वर येताना हायड्रेट वितळतं, गोडं पाणी सुटतं आणि क्लोराइड खोटंच कमी दिसतं. ज्वालामुखीची राख असेल तर ऑक्सिजनच्या समस्थानिकांचं (वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचं) गणित बिघडतं.

गाभा डेकवर येताच वरच्या १०० मीटरांत दर दीड मीटरला ५ ते १० सेंमीचा तुकडा कापा. बाहेरचा थर खरवडून टाका, त्यात ड्रिलिंगचं समुद्रपाणी मुरलेलं असतं. टायटॅनियमच्या दाबयंत्रात पिळा, ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा आणि लगेच काचेच्या अँप्यूलमध्ये (छोट्या कुपीत) भरून तिचं तोंड वितळवून बंद करा. इथे आळस महागात पडतो. १ टक्का पाणी उडालं तर क्षारता ०.३५ ने वाढते, आणि शोधायचा पूर्ण बदलच १ च्या आसपास आहे.

क्लोराइडसाठी सिल्व्हर नायट्रेटचं टायट्रेशन करा, म्हणजे क्लोराइड संपवायला किती चांदी लागते ते मोजा; अचूकता ०.१ टक्क्याहून चांगली हवी. नमुना पिपेटने मोजण्याऐवजी किनाऱ्यावर तोलून घ्या. दर काही नमुन्यांनंतर प्रमाणित (क्षारता आधीच ठाऊक असलेलं) समुद्रपाणी तपासा. सडक्या अंड्याचा वास येत असेल तर नायट्रिक आम्ल घालून सल्फाइड आधी उडवा, नाहीतर तेही चांदी खातं.

शिखराचा आकडा जसाच्या तसा हिमयुगाचा मानू नका. सच्छिद्रता आणि विसरणाचा वेग घालून, समुद्रपातळीच्या आलेखावर गणिती प्रतिमान (मॉडेल) चालवा आणि मोजलेल्या वक्राशी जुळेपर्यंत सुरुवातीची क्षारता बदला. ऑक्सिजन-१८ चंही (ऑक्सिजनच्या जड समस्थानिकाचंही) तसंच करा. पाण्यातला हा वाटा तळवासी फोरॅमिनिफेरांच्या (तळाशी राहणाऱ्या सूक्ष्म एकपेशीय जीवांच्या) शिंपल्यांतल्या फरकातून वजा केला की तापमान उरतं, दर अंशाला साधारण ०.२५ प्रति हजार.

२००२ मध्ये अ‍ॅडकिन्स, मॅकिन्टायर आणि श्रॅग यांनी याच रीतीने दाखवलं की त्या काळी सर्वांत खारं खोल पाणी दक्षिण महासागरात होतं, क्षारता ३७ च्या पुढे. आज अटलांटिकमध्ये उत्तरेकडचं खोल पाणी जास्त खारं आहे.