ग्रीक देव समजून घ्यायचेत? आधी गाव विचारा

ग्रीक देव शिकायचे म्हटलं की बहुतेक जण आधी तो 12 देवांचा चार्ट शोधतात, झ्यूस विजेचा, पोसायडन समुद्राचा, अथीना बुद्धीची, एरीस युद्धाचा, पाठ होतं आणि आठवड्याभरात विसरूनही जातं. माझं स्पष्ट मत आहे की सुरुवात चार्टने करूच नका. चार्टमधून देवाचं खातं कळतं, देव कळत नाही.

आपण गोव्यात देवाबद्दल कसं बोलतो ते बघा. नुसतं शांतादुर्गा म्हटलं की समोरचा लगेच विचारणार, खंयची? कवळ्याची, फातर्प्याची की धारगळची? म्हाळसा घ्या, म्हार्दोळला ती म्हाळसा नारायणी, विष्णूचं मोहिनीरूप, आणि जेजुरीला गेलात तर म्हाळसा म्हणजे खंडोबाची बायको. आपला यात गोंधळ होत नाही कारण देव गावासकट ओळखायची सवयच आहे आपल्याला. प्राचीन ग्रीस म्हणजे पण शेकडो स्वतंत्र नगरं, प्रत्येकाची देवळं वेगळी, सण वेगळे, आणि सगळ्यांना लागू होईल असा एकच धर्मग्रंथ नव्हताच. म्हणून तिथेही आधी हाच प्रश्न विचारायचा, कुठला झ्यूस? कुठली अथीना?

तर एक वही घ्या किंवा फोनवरच नोट्स उघडा, आणि एका वेळी एकच देव. प्रत्येक नोंदीत गाव लिहा, तिथे त्याला काय म्हणून हाक मारायचे ते लिहा, लोक त्याच्यासाठी काय करायचे ते लिहा, आणि हे सगळं कोणी सांगितलंय ते तर लिहाच, हे शेवटचं लोक सोडून देतात आणि मग अडकतात.

सुरुवात झ्यूसपासून. ऑलिंपियाला तो सगळ्या ग्रीकांचा, दर 4 वर्षांनी त्याच्यासाठी खेळ भरायचे, परंपरेने इ.स.पू. 776 पासून मोजतात, आणि तिथली त्याची वेदी दगडाची नव्हती, बळी दिलेल्या जनावरांच्या राखेचा वर्षानुवर्षं चढत गेलेला ढीग होता तो. आता घरात या. अंगणातल्या वेदीवर झ्यूस हर्कीओस, कोठीच्या खोलीत झ्यूस क्टेसीओस, त्याच्यासाठी तिथे एक भांडं ठेवायचे, दारात पाहुणा आला की झ्यूस क्सेनीओस, पाहुण्याला त्रास दिला तर हा कोपणार. आणि अथेन्सचं बंदर पिरेयस, तिथे सापडलेल्या कोरीव दगडांवर झ्यूस मायलिकीओस चक्क मोठ्या नागाच्या रूपात आहे. वीज हातात घेतलेला दाढीवाला म्हातारा एवढंच डोक्यात असेल तर हा नाग बघून तुम्ही म्हणाल हा कोण, पण वहीत गाव आणि नाव असेल तर तो बरोबर आपल्या जागी बसतो.

अथीनाला तर एकाच टेकडीवर वेगवेगळं बघावं लागतं. अथेन्सच्या अॅक्रोपोलिसवर पार्थेनॉन हे तिचं मोठं देऊळ बांधायला घेतलं इ.स.पू. 447 मध्ये, आत फिडियास या शिल्पकाराने केलेली सोन्याची आणि हस्तिदंताची प्रचंड मूर्ती. पण पॅनाथिनाया सणाला बायकांनी विणलेलं वस्त्र जायचं ते त्या भव्य मूर्तीला नाही, जवळच असलेल्या ऑलिव्हच्या लाकडाच्या जुन्या मूर्तीला, ती अथीना पोलियास, नगराची राखणदार. मला ही गोष्ट फार आवडते.

शिकारीची देवी आर्टेमिस पण अशीच, अथेन्सजवळच्या ब्रॉरॉनला लहान मुली तिची सेवा करायच्या आणि त्यांना अस्वलं म्हणायचे, तर इफेससच्या तिच्या मूर्तीच्या छातीवर गोल गोल काहीतरी लटकलेलं आहे ज्याच्यावर अभ्यासकांचा अजून वाद चालू आहे.

आता गोष्टी जुळत नाहीत तिथे काय करायचं? खरी कुठली ते शोधत बसू नका, सांगणाऱ्याच्या नावासकट दोन्ही लिहा. होमर आणि हेसिऑड हे दोन जुने ग्रीक कवी घ्या, होमरकडे प्रेमाची देवी अफ्रोडायटी झ्यूस आणि डायोनीची मुलगी, हेसिऑडकडे ती समुद्राच्या फेसातून आलेली. मेडुसा आधी सुंदर होती आणि अथीनाने तिचे केस साप केले, ही ओव्हिडची गोष्ट, तो रोमन कवी, इ.स. 8 च्या आसपासचा, हेसिऑडकडे ती गॉर्गन, म्हणजे राक्षसीण म्हणूनच जन्माला येते. आणि नेटवर सगळीकडे फिरणारी ती चुलीची देवी हेस्टियाने 12 मधली आपली जागा दारूचा देव डायोनायससला दिली वाली गोष्ट, ती प्राचीन ग्रंथांत सापडतच नाही. याद्या वेगवेगळ्या होत्या एवढंच, पार्थेनॉनच्या भिंतीवरच्या कोरीव पट्टीवर डायोनायसस बसलाय, हेस्टिया नाही.

वाचायला आधी धान्याची देवी डिमीटरचं होमरिक स्तोत्र घ्या, जेमतेम 500 ओळी, मुलगी हरवलेली आई अथेन्सजवळच्या एलेउसिस गावी येऊन बसते ते त्यात आहे आणि तिथल्या गुप्त विधींचं मूळही. मग हेसिऑडची थिओगनी, म्हणजे देवांच्या जन्माचं काव्य, 1000 च्या थोड्या वर ओळी. त्यानंतर पॉसॅनियस, हा माणूस दुसऱ्या शतकात ग्रीसभर फिरला आणि कुठल्या गावात कुठलं देऊळ, कुठली मूर्ती, लोक काय सांगतात ते 10 भागांत लिहून गेला, हे वाचताना बाजूला मॅप उघडा ठेवाच. जुनी इंग्रजी भाषांतरं नेटवर फुकट मिळतात.

झ्यूसनंतर अपोलो घ्या, डेल्फीला त्याचा कौल तिथल्या पुजारणीच्या तोंडून मिळायचा, तिला पिथिया म्हणायचे, आणि हिवाळ्यात तो तिथे नसतो, ते महिने डायोनायससचे असं मानायचे, म्हणजे डायोनायसस आपोआप पुढचा. एरीस शेवटी ठेवला तरी चालेल, त्याची देवळं फार कमी होती आणि वहीचं पान लवकर संपतं.