पॉलीलाइनचे कोऑर्डिनेट काढताना: ऑटोकॅडपासून लाइनआउटपर्यंत

प्लॉटची हद्द ऑटोकॅडच्या ड्रॉइंगमध्ये पॉलीलाइनने, म्हणजे जोडलेल्या तुकड्यांच्या एकाच सलग रेषेने, काढलेली असते. जागेवर लाइनआउट करायला, म्हणजे हद्दीच्या खुंट्या मारायला, टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजणारं यंत्र) लावून उभ्या असलेल्या सर्व्हेअरला मात्र ती रेषा दिसत नाही, त्याला कोपऱ्यांचे आकडे, म्हणजे कोऑर्डिनेट, लागतात. हे आकडे काढायला पाच मिनिटं पुरतात. पण ते कुठल्या अक्षावरचे, कुठल्या युनिटमधले आणि कुठल्या क्रमाने लिहिलेले आहेत, हे पाहिलं नाही तर खुंट्या चुकीच्या जागी बसतात. म्हणून या लेखात तपासणीला जास्त जागा दिली आहे.

आधी तीन गोष्टी बघून घ्या.

पहिली, यूसीएस, म्हणजे ड्रॉइंगमध्ये आपण ठरवलेले मोजण्याचे अक्ष. प्लॉट कागदावर सरळ बसावा म्हणून अनेक ड्राफ्ट्समन यूसीएस फिरवून ठेवतात. निवडलेल्या वस्तूची माहिती दाखवणारी लिस्ट कमांड आकडे देते ते चालू यूसीएसनुसार, त्यामुळे फिरवलेल्या अक्षांवरचे आकडे हाती येतात. यूसीएस टाइप करा, एंटर दाबा, वर्ल्डसाठी डब्ल्यू द्या. ड्रॉइंग जागचं हलत नाही, फक्त मोजण्याचे अक्ष मूळ जागी येतात. मात्र कोणी अख्खं ड्रॉइंगच मूव्ह किंवा रोटेट केलं असेल तर यूसीएसने काम भागणार नाही. अशा वेळी सर्व्हेमधले दोन पक्के बिंदू धरून अलाइन कमांडने ड्रॉइंग जागेवर आणा, आणि स्केल करायचं का असं विचारलं तर नाही म्हणा.

दुसरी, युनिट. आर्किटेक्टचं ड्रॉइंग बहुतेक वेळा मिलिमीटरमध्ये असतं, सर्व्हेचं मीटरमध्ये. ज्याची लांबी पक्की माहीत आहे अशी एखादी बाजू डिस्ट कमांडने मोजा, लगेच कळेल. त्याच वेळी युनिट्समध्ये जाऊन दशांशानंतर किमान तीन आकडे ठेवा. लिस्ट तेवढेच आकडे दाखवते, आणि तिथे शून्य असेल तर कोपरा अर्धा मीटर इकडेतिकडे होऊ शकतो.

तिसरी, पॉलीलाइन खरंच बंद आहे का. प्रॉपर्टीजमध्ये क्लोज्डसमोर यस हवं. शेवटचा क्लिक पहिल्याच बिंदूवर करून हद्द मिटवली असेल तर तो कोपरा यादीत दोनदा येतो.

आता आकडे. एलआय (लिस्ट कमांडचं लघुरूप) टाइप करून एंटर द्या, पॉलीलाइन निवडा, पुन्हा एंटर. मग एफ२ दाबून टेक्स्ट विंडो उघडा. वर क्षेत्रफळ आणि परिमिती दिसेल, खाली प्रत्येक कोपऱ्याची एक ओळ असेल आणि तिच्यात एक्स, वाय, झेडचे आकडे. हे सगळं कॉपी करून एक्सेलमध्ये पेस्ट करा. टेक्स्ट टू कॉलम्समध्ये स्पेस आणि बरोबरचं चिन्ह हे दोन्ही विभाजक निवडा, सलग आलेले विभाजक एकच धरा. मधे ‘एंटर दाबा’ सांगणारी ओळ घुसली असेल तर ती काढा. पाच-दहा कोपऱ्यांच्या प्लॉटला याहून सोपी रीत नाही.

लेआउटमधले पन्नास-साठ प्लॉट एकदम करायचे असतील तर मी क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर वापरते. ते मोफत आहे आणि कोपऱ्यांचा क्रम बिघडवत नाही. ड्रॉइंग डीएक्सएफमध्ये (इतर सॉफ्टवेअरला वाचता येणारा ड्रॉइंगचा फाइल प्रकार) सेव्ह करा, क्यूजीआयएसमध्ये उघडा, प्रोसेसिंग टूलबॉक्समधून ‘एक्स्ट्रॅक्ट व्हर्टिसेस’ चालवा. प्रत्येक बिंदूला ० पासून क्रमांक मिळतो. मग ‘ॲड एक्स/वाय फील्ड्स टू लेयर’ चालवून लेयर सीएसव्हीमध्ये (एक्सेलमध्ये उघडणारी साधी यादी) एक्सपोर्ट करा. बंद आकृतीत शेवटचा बिंदू पहिल्याचीच नक्कल असतो, तो काढून टाका. ऑटोकॅडचं डेटा एक्स्ट्रॅक्शन पॉलीलाइनचं क्षेत्रफळ आणि लांबी देतं, कोपरे देत नाही. प्रत एक्स्प्लोड करून सुट्या रेषांचे सुरुवात-शेवट काढता येतात, पण ओळींचा क्रम पुन्हा हाताने लावावा लागतो.

हद्दीत वळण असेल तर थांबा. ऑटोकॅडच्या पॉलीलाइनमध्ये चाप साठवला जातो तो दोन टोकं आणि एका ‘बल्ज’ आकड्याने. हा आकडा म्हणजे चापाच्या कोनाच्या चौथ्या हिश्श्याचं टॅन्जंट, अर्धवर्तुळाला १. नुसते एक्स-वाय घेतलेत तर वळणाची सरळ रेष होते. पॉलीलाइनच्या प्रतीवर मेझर कमांडने ठरावीक अंतरावर बिंदू टाका आणि तेही यादीत घ्या. क्यूजीआयएस चापाचे आपणहून लहान लहान तुकडे करतं, त्यामुळे तिथे बिंदू भरमसाट वाढतात.

यादी बरोबर आहे का, हे क्षेत्रफळावरून तपासता येतं. समजा चार कोपरे असे आहेत: (१००, १००), (१३०, १००), (१२८, १२०), (१००, ११८). प्रत्येक कोपऱ्याचा एक्स पुढच्याच्या वायने गुणा, त्यातून पुढच्याचा एक्स गुणिले याचा वाय वजा करा. शेवटच्या कोपऱ्यापुढे पहिला कोपरा धरा. उत्तरं येतात −३०००, २८००, ३१०४, −१८००. बेरीज ११०४, तिची निम्मी ५५२ चौरस मीटर. गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा, म्हणजे साधारण साडेपाच गुंठे. लिस्टमध्येही ५५२ च दिसायला हवेत. फरक आला तर एखादा कोपरा सुटलाय, क्रम चुकलाय किंवा वळण हरवलंय.

एक चूक मात्र या हिशोबात सापडत नाही. कॅडमध्ये एक्स म्हणजे ईस्टिंग (पूर्वेकडचं अंतर) आणि वाय म्हणजे नॉर्दिंग (उत्तरेकडचं अंतर). टोटल स्टेशनच्या बऱ्याच फाइलींमध्ये क्रम असतो बिंदू क्रमांक, नॉर्दिंग, ईस्टिंग, उंची, कोड. माझ्या एका कामावर हे दोन कॉलम अदलाबदल होऊन गेले. खुंट्या ठोकल्या, फक्की मारली, टेपने चारही बाजू मोजल्या, कर्णही मोजले. सगळं मिलिमीटरपर्यंत जुळलं. आणि तिरकी बाजू, जी पूर्वेला विहिरीकडे हवी होती, ती उत्तरेला बांधाकडे गेलेली. अदलाबदलीने प्लॉट आरशात पाहिल्यासारखा उलटतो. लांबी, कर्ण, क्षेत्रफळ यांतलं काहीच बदलत नाही, त्यामुळे टेप आपल्याला सावध करू शकत नाही. त्या दिवशी पाया खणायला आलेल्या माणसांना परत पाठवावं लागलं.

कोऑर्डिनेट यूटीएममध्ये, म्हणजे पृथ्वीचे झोन पाडून मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीत, असतील तर आकडाच खूण देतो. महाराष्ट्रात नॉर्दिंग सात आकडी, १७ लाखांच्या पुढे असतं आणि ईस्टिंग सहा आकडी. पुण्यात नॉर्दिंग २० लाख ४८ हजारांच्या आसपास, ईस्टिंग ३ लाख ८० हजारांच्या जवळ. झोनकडेही लक्ष द्या: पुणे, नाशिक ४३ मध्ये, पण ७८ अंश रेखांशाच्या पूर्वेला, म्हणजे वर्धा-नागपूरकडे, झोन ४४ लागतो. क्यूजीआयएसमध्ये यांचे ईपीएसजी क्रमांक (कोऑर्डिनेट पद्धत ओळखायचे क्रमांक) ३२६४३ आणि ३२६४४.

१००, १०० सारखे लोकल आकडे असतील तर अशी खूण मिळत नाही. म्हणून मी सीएसव्हीच्या पहिल्या ओळीत कॉलमची नावं लिहून पाठवते, आणि कोडच्या रकान्यात ‘रस्ता-उत्तर कोपरा’, ‘विहिरीकडचा कोपरा’ असं लिहिते. मशीनला हेडरची ओळ चालत नसेल तर तेच सर्व्हेअरला फोनवर सांगते. पहिली खुंटी विहिरीकडच्या कोपऱ्याचीच मारायला लावते, आणि ती डोळ्यांनी पाहिल्यावरच बाकीच्या तीन.