दुष्काळात तग धरणारे कुरण : खत आणि कापणीचे नियोजन

कुरणाला भरपूर नत्र दिले की गवत जोमाने वाढते. परंतु अशा वेळी वनस्पतीची शक्ती मुळांपेक्षा पानांकडे अधिक जाते, पाण्याची गरज वाढते आणि वेगाने वाढणाऱ्या मोजक्या जाती इतरांना सावलीत दडपून टाकतात. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, सीडर क्रीक येथील प्रयोगक्षेत्रांत १९८८ च्या दुष्काळात हेच दिसले: ज्या वाफ्यांत वनस्पतींच्या जाती कमी होत्या, त्यांचे उत्पादन अधिक कोसळले.

म्हणून नत्राची मात्रा विभागून द्यावी आणि पाऊस लांबल्याचे दिसताच पुढील हप्ता थांबवावा. जमिनीवर नुसता पसरून ठेवलेला युरिया अमोनियाच्या रूपाने हवेत उडून जाऊ शकतो. पालाशची कमतरता मात्र राहू देऊ नये, कारण पर्णरंध्रांची उघडझाप त्यावर अवलंबून असते.

कापणीत खरी चूक होते ती उंचीची. गवत जमिनीलगत छाटले की बुंध्यात साठवलेले अन्न नव्या पानांसाठी खर्ची पडते, मुळांची वाढ काही काळ खुंटते आणि उघडी पडलेली माती तापून लवकर सुकते. साधारण ७ ते १० सेंटिमीटर खुंट राखावा, दोन कापण्यांतील अंतर वाढवावे आणि गवत कोमेजलेले असताना विळा किंवा यंत्र लावूच नये. (पिवळे पडलेले गवत मेलेलेच असते असे नाही; बहुवर्षायू जातींचे कोंब बुंध्यात जिवंत असू शकतात.) पाऊस परतल्यावरही खताची घाई नको: ओलावा मिळताच सूक्ष्मजीव मातीतील नत्र मोकळे करतात, त्यामुळे नवी फूट पाहून मगच मात्रा ठरवावी.