नसांचं दुखणं: गोळ्या आणि बी१२ची इंजेक्शनं सांभाळून कशी घ्यायची

तळपायांची आग, रात्री अंथरुणाला पाठ टेकली की वाढणाऱ्या मुंग्या, पायातली चप्पल निसटली तरी न कळणं. हे ज्यांच्या घरात आहे त्यांना सल्ल्यांची कधीच टंचाई नसते. "लाल इंजेक्शनांचा कोर्स करून टाका." "माझ्या साडूंना अमुक गोळीने फरक पडला, तीच घ्या." मधुमेहाने माझ्या पायांच्या नसा बिघडल्या आहेत, आईचं बी१२ जीवनसत्त्व सारखं खाली जातं, आणि दोघींची औषधं कित्येक वर्षं मीच बघते. असल्या सल्ल्यांनी होणारं नुकसान मी जवळून पाहिलं आहे. डॉक्टरांनी तपासून निदान केलंय आणि चिठ्ठी तुमच्या हातात आहे, असं धरून पुढचं लिहिते. निदानच झालं नसेल तर आधी ते करून घ्या. मधुमेह, बी१२ची कमतरता, थायरॉइड, दारू, मणक्यात दबलेली नस, नागीण होऊन गेल्यावर मागे राहिलेली आग, या सगळ्यांत दुखणं सारखंच वाटतं, उपचार मात्र वेगळे असतात.

१. पहिल्या इंजेक्शनाआधी रक्त द्या

ही पायरी बहुतेक जण गाळतात. एकदा इंजेक्शन टोचलं की रक्तातला बी१२चा आकडा वर उडी मारतो. मग तपासणी करून मुळात कमतरता होती की नव्हती हे कळणं फार कठीण होतं. म्हणून आधी रक्त, मग सुई. दर मिलिलिटरला २०० पिकोग्रॅमच्या खालचा आकडा बहुधा कमतरता दाखवतो. २०० ते ३०० हा काठावरचा पट्टा. तिथे डॉक्टर होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलोनिक ॲसिडची (बी१२ कमी पडलं की रक्तात वाढणाऱ्या घटकांची) तपासणी सांगू शकतात. हिमोग्लोबिन चांगलं आहे म्हणजे बी१२ ठीक असणार, असं समजू नका. रक्त नॉर्मल असतानाही नसा बिघडू शकतात.

दोन गोष्टी डॉक्टरांना आपणहून सांगा: तुम्ही शाकाहारी आहात का, आणि मेटफॉर्मिन किती वर्षं चालू आहे. दीर्घकाळ घेतलेल्या मेटफॉर्मिनमुळे बी१२ कमी होतं, आणि आपल्याकडे मधुमेहाच्या बऱ्याच चिठ्ठ्यांत मेटफॉर्मिन असतं. पण तेवढ्यावरून ती गोळी मनाने बंद करायची नाही. बी१२ ठरावीक काळाने तपासत राहायचं. पित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील तर तेही सांगा, त्यांनीही बी१२चं शोषण घटतं.

आणि बी१२चा निकाल येण्याआधी नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सुरू करू नका. त्यांनी रक्त सुधारलेलं दिसतं, आत नसांचं नुकसान चालूच राहतं.

२. इंजेक्शन

किती आणि किती दिवसांनी, हे डॉक्टर ठरवतील. सुरुवातीला जवळजवळ, पुढे लांब अंतराने, अशी साधारण रीत असते. तुम्ही बघायचं ते असं.

ॲम्प्यूलवर 'मिथाइलकोबालामिन', 'हायड्रॉक्सोकोबालामिन' किंवा 'सायनोकोबालामिन' एवढंच लिहिलंय की खाली बी१, बी२, बी६ अशी रांग आहे, ते वाचा. फक्त बी१२ कमी असेल तर फक्त बी१२ मागा. मिश्र इंजेक्शनांत एका वेळी बी६ ५० ते १०० मिलिग्रॅम असू शकतं, आणि बी६ जास्त दिवस जास्त प्रमाणात गेलं तर त्यानेच नसा बिघडतात. म्हणजे ज्या मुंग्यांसाठी सुई घेतली त्याच मुंग्या ती सुई वाढवते, आणि माणूस आणखी एक कोर्स घेतो. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये प्रौढांसाठी रोजच्या बी६ची वरची मर्यादा १२ मिलिग्रॅम ठरवली. अमेरिकेत ती १०० मिलिग्रॅम मानतात. आकड्यांवर एकमत नसलं तरी धोका दोघांनाही मान्य आहे. 'जीवनसत्त्वच ते, जास्त झालं तर लघवीवाटे जाईल' हे वाक्य बी६ला लागू नाही.

मिथाइलकोबालामिनला उजेड सोसत नाही. ॲम्प्यूल खोक्यातच ठेवा, टोचायच्या वेळी बाहेर काढा, आधीच सिरिंजमध्ये भरून ठेवू देऊ नका. सिरिंज आणि सुई तुमच्यासमोर फोडलेली हवी. वेदनाशामक आणि बी-कॉम्प्लेक्स एकाच सिरिंजमध्ये ओढून देण्याची सवय काही दवाखान्यांत आहे, तिथे स्पष्ट नाही म्हणा. कमरेत घ्यायचं तर नितंबाच्या वरच्या, बाहेरच्या भागातच. पायाकडे जाणारी मोठी नस मधून आणि खालून जाते, तिथे टोचलं तर तिला सुई लागू शकते. टोचताना पायात करंट गेल्यासारखं झालं तर लगेच ओरडून सांगा, सुई मागे घ्यायला लावा.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर इंजेक्शनाआधी सांगायचंच. स्नायूत रक्त साकळू शकतं. अशांसाठी, आणि ज्यांना सुईची धास्ती आहे त्यांच्यासाठीही, मोठ्या मात्रेची तोंडावाटे घ्यायची बी१२ची गोळी हा चांगला पर्याय आहे. डॉक्टरांना तो विचारा. टोचल्यावर पंधरा-वीस मिनिटं तिथेच बसा. अंगावर गांधी, ओठांना सूज, धाप असं काही झालं तर दवाखान्यातच झालेलं बरं.

'ताकदीचं सलाइन' घेऊ नका. त्यात नसांना लागणारं असं काही नसतं जे गोळीतून किंवा साध्या इंजेक्शनातून मिळत नाही.

बी१२चा गुण यायला महिने लागतात. काहींना सुरुवातीला मुंग्या उलट वाढल्यासारख्या वाटतात. तेवढ्यावरून कोर्स अर्धवट सोडू नका.

३. गोळ्या

इथे मी सगळ्यात जास्त अडखळले, आणि इथेच लोकांना सगळ्यात वाईट सल्ला मिळतो.

आधी एक साफ करून घेऊ. नसांच्या दुखण्यावर डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅकसारख्या साध्या वेदनाशामकांचा फारसा उपयोग होत नाही. रोज घेतल्या तर मूत्रपिंडाला त्रास मात्र होऊ शकतो, आणि मधुमेहात मूत्रपिंड आधीच जपायचं असतं. या दुखण्याला चालणारी औषधं निराळी: प्रेगाबालिन, गॅबापेंटिन, ॲमिट्रिप्टिलिन किंवा नॉरट्रिप्टिलिन, ड्युलॉक्सेटिन. त्यांतली काही मुळात फिट किंवा नैराश्यासाठी निघाली, म्हणून घाबरायचं कारण नाही. पण ती जपून वाढवायची आणि त्याहून जपून कमी करायची असतात.

अडचण अशी की आपल्याकडे ही औषधं बरेचदा मिश्र गोळ्यांतच लिहून दिली जातात. पट्टी उलटी करून बारीक अक्षरं वाचा. प्रेगाबालिन ७५ मिलिग्रॅम, मिथाइलकोबालामिन १५०० मायक्रोग्रॅम. दुसऱ्या पट्टीवर गॅबापेंटिन ३००, मिथाइलकोबालामिन ५००. तिसरीवर प्रेगाबालिन ७५, नॉरट्रिप्टिलिन १०, शिवाय मिथाइलकोबालामिन. हाडांच्या डॉक्टरांनी एक दिली, मधुमेहाच्या डॉक्टरांनी दुसरी, गावच्या दवाखान्यातून तिसरी आली. तिन्हींची नावं वेगळी, रंग वेगळे. माणूस तिन्ही घेतो, दिवसभर गुंगीत राहतो, रात्री बाथरूमला जाताना पडतो, आणि घरचे म्हणतात वय झालं.

नावामागच्या अक्षरांवरही विसंबू नका. नसांच्या गोळीमागचा 'एम' बहुतेक वेळा मिथाइलकोबालामिन असतो, शुगरच्या गोळीमागचा 'एम' मेटफॉर्मिन. औषधाच्या दुकानात "ताई, तेच आहे, फक्त कंपनी वेगळी" असं म्हणून दिलेल्या पट्टीत 'एनटी' जास्तीचं निघालेलं मी स्वतः पाहिलं आहे, आणि ते नॉरट्रिप्टिलिन आईच्या काचबिंदूला चालणारं नव्हतं. पट्टी कापून देताना मागचा मजकूर आणि मुदतीची तारीख उरलेल्या तुकड्यावर राहून जाते. अख्खी पट्टी घ्या, नाहीतर दुकानातच तिचा फोटो काढा.

म्हणून माझं ठाम मत: मात्रा बसेपर्यंत मिश्र गोळी नको. डॉक्टरांना सरळ म्हणा, "डॉक्टर, सध्या सुटी गोळी लिहून द्याल का? बी१२ वेगळं घेते." चांगला डॉक्टर याला सहसा नाही म्हणत नाही. कारण मिश्र गोळीत एकच औषध कमी-जास्त करता येत नाही. गुंगी प्रेगाबालिनची की नॉरट्रिप्टिलिनची, ते कळत नाही. आणि गोळी बंद केली की दोन्ही एकदम बंद होतात.

या एकदम बंद होण्यानेच फार माणसं त्रासात पडतात. पट्टी संपली, दुकान बंद होतं, लग्नाला गावी गेलो, गोळ्या घरी राहिल्या, किंवा "आता बरं वाटतंय" म्हणून सोडल्या. प्रेगाबालिन किंवा गॅबापेंटिन रोज घेत असताना अचानक थांबवलं तर झोप उडते, घाम फुटतो, मळमळतं, जीव घाबरा होतो, दुखणं पहिल्यापेक्षा जोरात उसळतं. काहींना फिट येऊ शकते. मग घरात म्हणतात, "बघा, गोळीची सवय लागली." खरं तर शरीराला जुळवून घ्यायला वेळच मिळालेला नसतो. ही औषधं कमीत कमी आठवडाभराचा वेळ घेऊन, हळूहळू उतरवायची असतात. बरेच दिवस किंवा मोठी मात्रा घेतली असेल तर त्याहून कितीतरी सावकाश, आणि प्रत्येक उतार डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलेला हवा. 'हळूहळू कमी करा' एवढ्यावर दवाखान्यातून उठू नका. कोणत्या तारखेपासून, सकाळची की रात्रीची, किती मिलिग्रॅम, हे लिहून घ्या. घरात आठवड्याच्या गोळ्या शिल्लक असतानाच पुढच्या आणा. एखादी गोळी चुकली तर पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत. 'एसआर' लिहिलेली, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी तोडायची, चघळायची नाही.

वाढवतानाही घाई नको. दुखणं दोन दिवसांत थांबलं नाही म्हणून स्वतःच दुप्पट करणारे बरेच भेटतात. प्रेगाबालिन, गॅबापेंटिन शरीरातून बहुतांशी मूत्रपिंडातून बाहेर जातं. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर नेहमीची मात्राही जास्त होते, म्हणून मूत्रपिंडाचा ताजा अहवाल डॉक्टरांना दाखवल्याशिवाय मात्रा वाढवू नका. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालं आणि गुंगी वाढली, तर त्याच दिवशी फोन करा. पहिली मात्रा रात्रीची घ्या, आणि गोळी अंगवळणी पडेपर्यंत स्कूटरला हात लावू नका.

झोपेच्या गोळ्या, ट्रामाडॉल किंवा दारू यांच्या जोडीला ही औषधं श्वास मंदावू शकतात, वयस्कर आणि दम्याच्या माणसांत विशेष. ट्रामाडॉल तर ड्युलॉक्सेटिन किंवा ॲमिट्रिप्टिलिनबरोबरही धोक्याचं आहे. पॅरासिटामॉलच्या जोडगोळीत ते गुपचूप बसलेलं असतं, म्हणून तीही पट्टी वाचा. काचबिंदू, प्रोस्टेटमुळे लघवी अडणं, हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असेल तर ॲमिट्रिप्टिलिन आणि नॉरट्रिप्टिलिनच्या आधी सांगा. पित्तासाठी पांढरं औषध पीत असाल तर गॅबापेंटिन त्यानंतर दोन तासांनी.

प्रेगाबालिनने पायांना सूज येऊ शकते, आणि शुगरचं पायोग्लिटाझोन किंवा बीपीचं अम्लोडिपिन जोडीला असेल तर जास्तच. सूज आली की आधी "ही गोळीमुळे असेल का?" असं विचारा, नाहीतर सुजेसाठी आणखी एक गोळी मागे लागते.

हे सगळं डोक्यात राहत नाही, म्हणून एक कागद करा. गोळीचं नाव नाही, आतला घटक लिहा. त्याच्यापुढे मिलिग्रॅम, वेळ, कोणी दिली, कधी सुरू केली. एकच घटक दोन ओळींत दिसला की गोळी घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. प्रेगाबालिन आणि गॅबापेंटिन एकाच जातीची, दोन्ही दिसली तरी तसंच. खाली इंजेक्शनांच्या तारखा आणि बी१२, क्रिएटिनिनचे आकडे. कोणाही डॉक्टरांकडे जाताना हा कागद आधी पुढे करा, मग तक्रार सांगा. नातेवाइकांच्या वापरातल्या गोळ्या या कागदावर कधीच येता कामा नयेत.

४. पाय

रोज रात्री तळवे बघा, आरसा लावून. बधिर पायांना गरम पाण्याची पिशवी नको, शेक नको. भाजलेलं कळतच नाही. पाण्याचा अंदाज हाताच्या कोपराने घ्या. उन्हाळ्यात देवळातल्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालून तळव्यांना फोड आलेली माणसं दर वर्षी दिसतात, आणि वारीत अनवाणी चालणाऱ्या मधुमेह्यांना तर मी हात जोडून सांगते, बूट-मोजे घालून चाला. देवाला चालतं.

५. कधी वाट बघत थांबायचं नाही

हातपाय अचानक दुबळे होणं, मुंग्या-बधिरपणा पावलांपासून काही दिवसांत वर वर चढणं, शौच-लघवीवरचा ताबा जाणं, बैठकीच्या जागेला बधिरपणा येणं, चेहरा वाकडा होणं, श्वास घ्यायला त्रास. यांत गोळी वाढवून बघू नका, 'बी१२ कमी असेल' म्हणत सुई टोचून घेऊ नका. २०२५च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात गुलेन-बारे सिंड्रोमचे (शरीराची प्रतिकारशक्तीच नसांवर उलटते, त्या आजाराचे) रुग्ण वाढले होते. त्या आजाराची सुरुवात मुंग्या आणि पायांतल्या दुबळेपणाने होऊ शकते. अशा वेळी त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्रीच, मोठ्या रुग्णालयात जा आणि तो कागद बरोबर न्या.