थंडरबर्ड नीट चालत नसेल तर : ट्रबलशूट मोडमध्ये सुरू करून दोष कसा शोधावा

ई-मेलचा प्रोग्रॅम अडू लागला की बहुतेक जण तो काढून टाकतात आणि पुन्हा नव्याने बसवतात. थंडरबर्डच्या बाबतीत हा खटाटोप सहसा वाया जातो, कारण आपली पत्रे, खाती, पासवर्ड, सेटिंग्ज आणि वेळोवेळी जोडलेली एक्स्टेन्शन्स, म्हणजे प्रोग्रॅमला जास्तीच्या सोयी देणारे छोटे जोड-प्रोग्रॅम, प्रोग्रॅमबरोबर राहत नाहीत. ती प्रोफाइल नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये असतात. प्रोग्रॅम काढला तरी ते फोल्डर जागेवरच राहते, नवा बसवलेला प्रोग्रॅम तेच उघडतो आणि दोष त्यातच असेल तर तोही जसाच्या तसा परत येतो. म्हणून काहीही काढण्याआधी दोष प्रोग्रॅममध्ये आहे, त्याला जोडलेल्या एखाद्या गोष्टीत आहे की प्रोफाइलमध्ये आहे, हे ठरवले पाहिजे. त्यासाठीची सोय थंडरबर्डमध्येच आहे. पूर्वी तिला सेफ मोड म्हणत असत, अलीकडच्या आवृत्त्यांत ती ट्रबलशूट मोड या नावाने दिसते.

या मोडमध्ये थंडरबर्ड सुरू केला की आपण जोडलेली सर्व एक्स्टेन्शन्स आणि थीम त्या वेळेपुरत्या बंद राहतात, खिडकीचे रूप बदलण्यासाठी कोणी स्वतंत्र सीएसएस फाइल लिहून ठेवली असेल तर तीही वाचली जात नाही आणि हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन, म्हणजे पडद्यावरचे चित्र रंगवण्यासाठी ग्राफिक्स कार्डाची मदत घेणे, थांबते. पत्रे, खाती आणि पत्त्यांची वही मात्र तशीच असतात. थोडक्यात, आपल्याच खात्यांसह पण वरची सगळी जोडणी उतरवून प्रोग्रॅम चालतो. हा मोड कोणताही दोष दुरुस्त करत नाही. ‘दोष या जोडणीत आहे का?’ या एका प्रश्नाचे हो किंवा नाही असे उत्तर तो देतो आणि पुढची सगळी दिशा त्या उत्तरावर ठरते.

दोन गैरसमज आधीच दूर केलेले बरे. विंडोजचा सेफ मोड वेगळा आणि हा वेगळा. इथे संगणक पुन्हा सुरू करावा लागत नाही आणि इतर प्रोग्रॅमवर काहीही परिणाम होत नाही. दुसरे असे की, हा मोड व्हायरसपासून संरक्षण देत नाही. संशयास्पद पत्राबरोबर आलेली फाइल या मोडमध्ये उघडणे एरवीइतकेच धोक्याचे आहे. शिवाय इथे जे कराल ते खरेच घडते : पाठवलेले पत्र जाते, पुसलेले पत्र पुसले जाते.

सुरू करण्यापूर्वी

तक्रार नेमकी काय आहे ते एका ओळीत लिहून ठेवावे. ‘मेल चालत नाही’ या वाक्यावरून काहीच कळत नाही. ‘उत्तर द्या या बटणावर क्लिक केले की लिहिण्याची खिडकी कोरी उघडते आणि कर्सर येत नाही’ यावरून पुष्कळ कळते. हाच प्रकार पुढे ट्रबलशूट मोडमध्ये करून पाहायचा असल्यामुळे तो कोणत्या क्रमाने केला की घडतो, तेही टिपून घ्यावे.

त्यानंतर प्रोफाइलची प्रत काढावी. मेनूतील हेल्पमध्ये ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन हे पान आहे. त्यावर प्रोफाइल फोल्डरच्या ओळीसमोरचे बटण दाबले की ते फोल्डर उघडते. ते कुठे आहे हे पाहून थंडरबर्ड पूर्ण बंद करावा आणि मगच संपूर्ण फोल्डर बाहेरच्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावे. आपले खाते पॉप पद्धतीचे असेल तर ही पायरी मुळीच टाळू नये, कारण या पद्धतीत पत्रे सर्व्हरवरून उतरवून घेतली जातात आणि सेटिंगनुसार नंतर तिथून पुसली जातात, त्यामुळे जुन्या पत्रांची एकमेव प्रत आपल्याच संगणकावर असू शकते. आयमॅप पद्धतीत पत्रे सर्व्हरवरही असतात, म्हणून तिथे धोका कमी आहे. पण ‘लोकल फोल्डर्स’ या नावाखाली हलवलेली पत्रे याही पद्धतीत फक्त आपल्याच संगणकावर असतात, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

खिडकी बंद केली तरी थंडरबर्ड कधी कधी पडद्याआड चालूच राहतो आणि पुन्हा सुरू करायला गेले की तो आधीच चालू असून प्रतिसाद देत नाही अशी सूचना येते. विंडोजमध्ये अशा वेळी टास्क मॅनेजर उघडून यादीत थंडरबर्ड दिसतो का ते पाहावे. नुकताच बंद केला असेल तर मिनिटभर वाट पाहावी, कारण तो फाइल्स मिटत असतो. तरीही दिसत राहिला तर तिथूनच बंद करावा.

ट्रबलशूट मोडमध्ये कसे जावे

थंडरबर्ड उघडत असेल तर मार्ग सरळ आहे. वरच्या कोपऱ्यातील तीन आडव्या रेघांच्या बटणावर क्लिक करून हेल्प निवडावे आणि त्यात ट्रबलशूट मोड निवडावे. प्रोग्रॅम पुन्हा सुरू करण्याची परवानगी विचारली जाते, ती द्यावी. ज्यांना जुन्या पद्धतीच्या मेनूची सवय आहे त्यांनी विंडोजमध्ये ऑल्ट ही कळ दाबली की मेनूची पट्टी वर दिसते आणि त्यातही हेल्प आहे.

प्रोग्रॅम उघडतच नसेल किंवा उघडताच मिटत असेल तर मेनूपर्यंत पोहोचता येत नाही. अशा वेळी विंडोजवर शिफ्ट कळ दाबून धरून थंडरबर्डच्या चिन्हावर डबल-क्लिक करावे आणि समोर छोटी चौकट येईपर्यंत कळ सोडू नये. मॅकवर हेच काम ऑप्शन कळ दाबून धरून होते. लिनक्सवर टर्मिनलमध्ये थंडरबर्ड हा शब्द इंग्रजी छोट्या अक्षरांत लिहून एक जागा सोडावी, लागोपाठ दोन आडव्या रेघा द्याव्यात आणि त्यांना जोडून सेफ, मध्ये एक आडवी रेघ आणि मोड असे लिहावे, म्हणजे thunderbird --safe-mode. नाव बदलले तरी आज्ञेत जुना शब्दच कायम आहे.

समोर येणारी चौकट नीट वाचूनच पुढे जावे. तिच्यात सर्व अ‍ॅड-ऑन्स (म्हणजे एक्स्टेन्शन्स आणि थीम) बंद करणे आणि टूलबार मूळ स्थितीत आणणे असे दोन पर्याय खुणेच्या चौकोनांसह दिलेले असतात आणि खाली ‘मेक चेंजेस अँड रीस्टार्ट’ हे बटण असते. हे चौकोन टिचकवून ते बटण दाबले तर बदल कायमचे होतात. आपल्याला आत्ता फक्त तपासायचे आहे, म्हणून दोन्ही चौकोन रिकामे ठेवून ‘कंटिन्यू इन ट्रबलशूट मोड’ या बटणावर क्लिक करावे. खिडकी थोडी वेगळी दिसली, आपण निवडलेली थीम गेली, एक्स्टेन्शन्सची बटणे नाहीशी झाली तर घाबरू नये. नेहमीप्रमाणे सुरू केल्यावर सगळे परत येते.

आता टिपून ठेवलेली तक्रार त्याच क्रमाने पुन्हा करून पाहावी, आणि एकदाच नव्हे. अधूनमधून उद्भवणारा दोष असेल तर या मोडमध्ये रोजचे काम काही वेळ चालू ठेवावे, म्हणजे उत्तर खात्रीचे मिळेल.

तक्रार नाहीशी झाली तर

दोष एक्स्टेन्शन, थीम, स्वतः लिहिलेली सीएसएस फाइल किंवा ग्राफिक्स यांपैकी एकात आहे. थंडरबर्ड बंद करून नेहमीप्रमाणे सुरू करावा, मेनूतून ‘अ‍ॅड-ऑन्स अँड थीम्स’ हे पान उघडावे आणि आधी मूळची थीम लावून पाहावी, कारण ती तपासणी क्षणात होते. तरीही दोष राहिला तर एक्स्टेन्शन्सकडे वळावे. एकेक बंद करून पाहता येते, पण यादी मोठी असेल तर निम्मी बंद करणे केव्हाही चांगले. दोष गेला तर तो बंद केलेल्या निम्म्यात आहे, राहिला तर चालू असलेल्यांत. ज्या गटात तो आहे त्याचे पुन्हा दोन भाग करावेत. अशा रीतीने आठ एक्स्टेन्शन्समधून दोषी एक तीन फेऱ्यांत सापडते आणि सोळांमधून चार फेऱ्यांत. दर फेरीनंतर थंडरबर्ड बंद करून पुन्हा सुरू करावा, म्हणजे आधीच्या फेरीचा काही अंश मागे उरत नाही.

माझ्या ओळखीच्या एका छोट्या कार्यालयात नेमकी कोऱ्या खिडकीची तक्रार होती. दुरुस्तीला आलेल्या माणसाने प्रोग्रॅम काढून पुन्हा बसवला होता आणि संगणकच जुना झाला असे सांगितले होते. ट्रबलशूट मोडमध्ये लिहिण्याची खिडकी लगेच व्यवस्थित उघडली. शोधत गेल्यावर पत्राखाली सही आणि कार्यालयाचे बोधचिन्ह घालणारे एक जुने एक्स्टेन्शन नव्या आवृत्तीशी जुळत नाही, असे दिसले. ते काढले आणि तीच सही थंडरबर्डच्या खात्याच्या सेटिंग्जमध्ये घातली, कारण ती सोय तिथे मुळातच आहे. ज्या कामासाठी लोक एक्स्टेन्शन जोडतात ते काम प्रोग्रॅम स्वतःच करतो का, हे आधी पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन. २०२० साली आलेल्या ७८व्या आवृत्तीत जुन्या धाटणीची एक्स्टेन्शन्स चालणे बंद झाले आणि पत्रे कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करण्याची जी सोय तोवर बाहेरचे एक्स्टेन्शन पुरवत असे, ती थंडरबर्डमध्येच आली. आवृत्ती बदलली की एक्स्टेन्शन मागे पडते, हे दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या वाट्याला येते. दोषी एक्स्टेन्शन सापडले की त्याची नवी आवृत्ती आहे का ते पाहावे आणि नसल्यास ते काढावे.

सर्व एक्स्टेन्शन्स बंद करूनही नेहमीच्या मोडमध्ये दोष राहत असेल आणि ट्रबलशूट मोडमध्ये जात असेल, तर ग्राफिक्सकडे पाहावे. खिडकीचा काही भाग काळा पडणे, अक्षरे फाटणे, सरकवताना पडदा थरथरणे ही त्याची लक्षणे आहेत. सेटिंग्जच्या जनरल विभागात हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशनची खूण असते. ती काढून प्रोग्रॅम पुन्हा सुरू करावा. त्याने काम झाले तर ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर अद्ययावत करून ती खूण परत लावून पाहता येते.

तक्रार तशीच राहिली तर

एक्स्टेन्शन्सना दोष देणे थांबवावे. एकाच फोल्डरमधली पत्रे दिसत नसतील, विषय एका पत्राचा आणि मजकूर दुसऱ्याचा येत असेल तर बहुधा त्या फोल्डरची सूची बिघडलेली असते. थंडरबर्ड एका फोल्डरची सर्व पत्रे सहसा एका मोठ्या फाइलमध्ये साठवतो आणि कोणते पत्र तिच्यात कुठे आहे याची सूची वेगळ्या छोट्या फाइलमध्ये ठेवतो. फोल्डरच्या नावावर उजवे क्लिक करून प्रॉपर्टीज उघडावे आणि ‘रिपेअर फोल्डर’ दाबावे. सूची नव्याने तयार होते. आयमॅप खात्यात माहिती सर्व्हरवरून पुन्हा उतरावी लागत असल्याने मोठ्या फोल्डरला वेळ लागतो.

इनबॉक्स संपूर्ण रिकामा झाला असेल तर अँटीव्हायरसच्या क्वारंटाइनमध्ये, म्हणजे संशयित फाइल्स बाजूला काढून ठेवण्याच्या जागेत, डोकवावे. पत्रे एकाच फाइलमध्ये असल्यामुळे एका बाधित पत्रापायी अँटीव्हायरस अख्खी फाइल उचलून नेऊ शकतो. तिथून ती परत आणता येते. पुढे असे होऊ नये म्हणून अँटीव्हायरसच्या सेटिंगमध्ये प्रोफाइलचे फोल्डर वगळण्याचा विचार करावा.

पासवर्ड वारंवार विचारला जात असेल, सर्व्हरशी जोडणी होत नसेल तर तोच प्रकार ब्राउझरमधून मेल उघडून पाहावा. गूगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक जीमेल खात्यांसाठी इतर प्रोग्रॅममध्ये नुसते नाव आणि पासवर्ड देऊन प्रवेश करणे बंद केले आहे. अशा खात्याच्या सर्व्हर सेटिंग्जमध्ये पडताळणीची पद्धत म्हणून ओऑथ२, म्हणजे गूगलच्याच पानावर प्रवेश करून प्रोग्रॅमला परवानगी देण्याची पद्धत, निवडलेली आहे का ते पाहावे.

यातले काहीच लागू पडत नसेल तर नवी प्रोफाइल तयार करून तिच्यात एकच खाते, शक्यतो आयमॅपचे, जोडून पाहावे. ट्रबलशूटिंग इन्फर्मेशनच्या पानावरून प्रोफाइल्सची यादी उघडते आणि तिथेच नवी करता येते. जुनी पुसू नये. नव्या प्रोफाइलमध्ये सगळे ठीक चालले तर दोष जुन्या प्रोफाइलमध्ये आहे. तिथेही तीच तक्रार आली तर कारण बाहेर, म्हणजे अँटीव्हायरस, फायरवॉल, इंटरनेट किंवा मेल पुरवणारा सर्व्हर यांत शोधावे.

आउटलुक वापरणाऱ्यांसाठी

विंडोजवरच्या जुन्या पद्धतीच्या आउटलुकमध्येही हीच सोय सेफ मोड नावाने आहे. कंट्रोल कळ दाबून धरून आउटलुकच्या चिन्हावर डबल-क्लिक केले की सेफ मोडमध्ये सुरू करायचे का असा प्रश्न येतो. होकार दिल्यावर खिडकीच्या शीर्षकात सेफ मोड असे दिसते. तक्रार गेली तर फाइल, ऑप्शन्स, अ‍ॅड-इन्स या क्रमाने जाऊन तळाशी कॉम अ‍ॅड-इन्स (आउटलुकला बाहेरून जोडलेले छोटे प्रोग्रॅम) निवडून गो दाबावे, आत्ता कोणत्या खुणा आहेत ते लिहून घ्यावे आणि त्या काढून वरच्याच पद्धतीने शोधत जावे. नव्या आउटलुकमध्ये कॉम अ‍ॅड-इन्स चालतच नाहीत, त्यामुळे हा मार्ग त्याला लागू नाही.

इतके करूनही उलगडा झाला नाही आणि जाणकाराची मदत घ्यायची वेळ आली, तर त्याला थंडरबर्डची आवृत्ती, सुरुवातीला लिहिलेली तक्रारीची ओळ आणि ट्रबलशूट मोडमध्ये ती गेली की राहिली, या तीन गोष्टी आधी सांगाव्यात. बाकी तपशील ट्रबलशूटिंग इन्फर्मेशनच्या पानावरून एका बटणाने कॉपी करता येतो. त्या पानावर खात्यांची नावे समाविष्ट करण्याचा एक पर्याय आहे. मजकूर अनोळखी माणसाकडे जाणार असेल तर ती खूण करू नये.